लघवीची गोळी आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं वय ६३, राहणार कराडजवळच्या एका गावात. एसटीत वाहक होतो, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बीपी आठ वर्षांपासून आहे. आधी अ‍ॅम्लोडिपिन ५ ही एकच गोळी होती. जूनमध्ये बीपी १५८/९४ भरलं म्हणून आमच्या डॉक्टरांनी तिच्या जोडीला टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा अशी एकत्र गोळी दिली. बीपी १३२/८० वर आलं. पण मार्चमध्ये १८६ असलेलं कोलेस्टेरॉल अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी तपासलं तर २११ निघालं. ट्रायग्लिसराइड १४२ चं २२८ झालं, एलडीएल ११६ चं १२४, एचडीएल ४२ चं ४१. माझा भाचा एका लॅबमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, ‘मामा, ही लघवीची गोळी आहे, हिच्यानंच चरबी वाढते.’ मी गोळी बंद केली, त्याला बारा दिवस झाले. काल घरच्या मशीनवर १६४/९८ दाखवलं. शिवाय ही गोळी घेतल्यापासून सकाळी दोन-तीनदा लघवीला जावं लागतं, म्हणून तालुक्याला जायचं असलं की मी पाणीच पीत नाही. लॅबला गेलो तेव्हाही तसाच गेलो. गोळी कायमची सोडू का? आणि सोडायची नसेल तर कोलेस्टेरॉलचं काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण १६४/९८ हा आकडा अंक छापून येईपर्यंत थांबणारा नव्हता. तुमच्या डॉक्टरांशी बोलून तुम्ही गोळी पुन्हा सुरू केलीत आणि परवाच्या फोनवर १३४/८२ सांगितलंत, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण असं पत्र पाठवणारे तुम्ही एकटे नाही. गेल्या वर्षभरात याच आशयाची सात-आठ पत्रं माझ्याकडे आली, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमच्या भाच्यानं खोटं सांगितलं नाही. लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांनी, त्यातही थायझाइड जातीच्या गोळ्यांनी, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबीच, पण दुसऱ्या जातीची) थोडं वाढू शकतं. क्लोरथॅलिडोन त्याच गोतावळ्यातलं. हायड्रोक्लोरोथायझाइडही त्यातलंच. तुमच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं आणि ‘सीटी’ किंवा ‘सीएच’ असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन. नावावर मात्र विसंबू नका, पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात ते चष्मा लावून वाचा. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या लोकांना आपण लघवीची गोळी घेतो हेच ठाऊक नसतं, कारण ती दुसऱ्या गोळीच्या पोटात लपलेली असते.

भाच्यानं सांगितलं नाही ते असं की ‘थोडं’ म्हणजे किती. सगळी गोम तिथेच आहे.

ही औषधं आली १९५८ च्या सुमाराला. त्याआधी लघवी वाढवायला पाऱ्याची इंजेक्शनं देत असत. त्यामुळे तोंडानं घ्यायची, बीपी खरोखर उतरवणारी गोळी मिळाली तेव्हा डॉक्टरांना केवढा दिलासा वाटला असेल! पण त्या काळी मात्रा दांडग्या असत. हायड्रोक्लोरोथायझाइड रोज ५० ते १०० मिलिग्रॅम, क्लोरथॅलिडोनही तसंच. त्या मात्रेवर अवघ्या काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसे, ट्रायग्लिसराइड त्याहून अधिक वाढे, पोटॅशियम घसरे, साखर चढे. लघवीच्या गोळीची बदनामी झाली ती त्या काळात, आणि तीच अजून लोकांच्या तोंडी आहे. गोळी मात्र बदलली. तुमची साडेबाराची आहे, म्हणजे त्या वेळच्या मात्रेचा चौथा किंवा आठवा हिस्सा.

१९९५ साली ४७४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून बीपीच्या औषधांचा रक्तातल्या चरबीवर काय परिणाम होतो ते तपासलं गेलं. लघवीच्या औषधांनी एकूण कोलेस्टेरॉल सरासरी ५ मिलिग्रॅमच्या आसपास वाढलं होतं, आणि मात्रा मोठी तशी वाढ मोठी होती. त्यानंतर अमेरिकेतली ऑलहॅट ही भली मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५५ वर्षांपुढचे ३३ हजारांवर रुग्ण होते. काहींना क्लोरथॅलिडोन साडेबारा ते पंचवीस, काहींना अ‍ॅम्लोडिपिन, काहींना लिसिनोप्रिल ही बीपीची आणखी एक गोळी. चार वर्षांनंतर सरासरी कोलेस्टेरॉल पहिल्या गटात १९७, दुसऱ्यात १९६, तिसऱ्यात १९५ होतं. दोन मिलिग्रॅमचा फरक! आणि ज्यासाठी चाचणी केली ते काय निघालं? हृदयविकाराचा झटका आणि त्यानं येणारा मृत्यू तिन्ही गटांत सारखाच. उलट हृदय थकून पाय सुजणं, धाप लागणं हे क्लोरथॅलिडोनच्या गटात इतर दोघांपेक्षा कमी. म्हणजे रिपोर्टातले ते दोन मिलिग्रॅम हृदयाच्या हिशेबात कुठे दिसलेच नाहीत.

आता तुमचे आकडे समोर घेऊ. तुमचं कोलेस्टेरॉल २५ नं वाढलं. पण कोलेस्टेरॉल ही एकाच नावाखालची तीन खाती आहेत. एक एचडीएल, ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, दुसरं एलडीएल आणि तिसरं ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या व्हीएलडीएल कणांमधलं. पुष्कळ लॅबमध्ये हे तिसरं खातं मोजत नाहीत, ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून काढतात. तुमचं मार्चमध्ये १४२ भागिले ५ म्हणजे २८ होतं, या वेळी २२८ भागिले ५ म्हणजे ४६. वाढलेल्या २५ पैकी १८ तर इथूनच आले. धमन्यांना खरं नुकसान करणारं एलडीएल वाढलं फक्त ८. म्हणून मला आधी ट्रायग्लिसराइडचा माग काढावासा वाटला आणि फोनवर मी तुम्हाला इतके खोदून खोदून प्रश्न विचारले.

तुम्ही सांगितलंत ते सगळ्यांसाठी लिहिते, तुमची परवानगी घेतलीच आहे. गणपतीचे दहा दिवस घरात मोदक, पुरणपोळी, प्रसादाची खिरापत. तपासणीच्या आदल्या रात्री पाहुणे उठल्यावर साडेदहाला जेवण. सकाळी सहाला साखर घातलेला दुधाचा चहा, कारण ‘चहा म्हणजे काय खाणं आहे का’. साडेसातला रक्त दिलं. जुलैपासून पाऊस आणि गुडघा दोन्हीमुळे रोजचं चालणं बंद. वजन तीन किलोनं वाढलेलं. आणि वर आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही.

ट्रायग्लिसराइड हा फार चंचल आकडा आहे, दादा. काही न बदलता दोन वेगळ्या दिवशी रक्त दिलं तरी त्यात वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. एकूण कोलेस्टेरॉलमध्येही पाच-सहा टक्के इकडे तिकडे होतात, म्हणजे १८६ चा माणूस आज १७६ आणि पुढच्या आठवड्यात १९६ दाखवू शकतो. त्यात दहा दिवसांचं गोडधोड आणि वर चहातली साखर मिळाली की काय होणार?

पाण्याचं तर मी अधोरेखित करून सांगते. लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं, तेच तिचं काम. तुम्ही त्यावर आणखी तहान मारलीत. रक्तातला पाण्याचा अंश आटला की त्यात तरंगणारे चरबीचे मोठे कण दाट होतात. आमटी आटली की तिखट लागते, तिखट कुणी वाढवलेलं नसतं, तसंच हे. माणूस बराच वेळ ताटकळत उभा राहिला तरी असंच घडतं. उभ्या माणसाच्या आणि आडव्या पडलेल्या माणसाच्या कोलेस्टेरॉलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, कारण उभं राहिल्यावर रक्तातलं पाणी पायांच्या मांसात पाझरतं. तुम्ही लॅबच्या रांगेत पाऊण तास उभे होतात. दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसून मग रक्त द्यायचं, एवढी साधी गोष्ट कुणी सांगत नाही.

मग गोळीचा वाटा शून्य का? नाही, असंही मी म्हणणार नाही. थोडा असेल. लघवीवाटे पोटॅशियम जास्त गेलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरायचं मंदावतं आणि शरीर इन्सुलिनला नीट दादही देत नाही. मग यकृत ट्रायग्लिसराइडनं भरलेले कण जास्त सोडतं. कारण हे एकच नाही, पण पोटॅशियम सांभाळलं की साखर आणि चरबी या दोन्हींचं बिघडणं बरंच आटोक्यात राहतं असा अनुभव आहे. तुमच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे, ते पोटॅशियम धरून ठेवतं. तुमच्या डॉक्टरांनी ही जोडी विचार करूनच दिली आहे.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. १९९६ साल, मला दवाखाना थाटून जेमतेम तीन वर्षं झाली होती. गुऱ्हाळवाल्या घरातली पंचावन्नएक वर्षांची बाई माझ्याकडे यायची. हायड्रोक्लोरोथायझाइड ५० वर तिचं बीपी छान होतं. कोलेस्टेरॉल २४० आलं. मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं की या गोळीनं चरबी वाढते. मी गोळी बंद केली. मात्रा निम्मी करता आली असती, पाव करता आली असती, दुसरी गोळी लगेच जोडता आली असती. मी म्हणाले, ‘महिनाभर तेल-तूप कमी करा, मग बघू.’ गुळाचा हंगाम होता, महिना संपला तरी ती आली नाही. सातव्या आठवड्यात तिचा मुलगा तिला जीपमधून घेऊन आला. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बीपी २१०/१२०. ती त्यानंतर बरीच वर्षं जगली, पण भाकरी थापू शकली नाही. ती चिठ्ठी माझ्या हातची होती. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून बीपीची गोळी सोडली, असं कुणी म्हटलं की मला अजून त्या बाईचा उजवा हात दिसतो. म्हणूनच दादा, त्या दिवशी फोनवर माझा आवाज जरा चढला.

बीपी आटोक्यात ठेवण्याचं मोल किती, याचा एक आकडा देते. शेप नावाची चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. साठीपुढचे ४७३६ लोक, सगळ्यांचं वरचं बीपी जास्त. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन साडेबारापासून सुरू केलं, म्हणजे तुमचीच गोळी. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात अर्धांगाचे झटके ३६ टक्क्यांनी कमी झाले. समोर एवढा फायदा आणि दुसरीकडे एलडीएलचे चार-आठ मिलिग्रॅम. तुम्ही आयुष्यभर तिकिटांचा हिशेब केलात, हाही हिशेब तुम्हाला जमेल.

तुमचं एलडीएल १२४ आहे त्याचं काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो गोळीच्या आधीचाच आहे. मार्चमध्ये ११६ होतं तेव्हाही विचारायला हवा होता. वय ६३, बीपी, आणि फोनवर दबक्या आवाजात कबूल केलेली तंबाखूची पुडी. (ती सोडायचीच आहे. त्यावर वेगळं पत्र लिहा, मी वेगळं उत्तर लिहीन.) वडिलांना ५४ व्या वर्षी झटका आला होता, हे तुम्ही पत्रात लिहिलंच नव्हतं आणि माझ्या लेखी तीच सगळ्यांत मोठी बातमी आहे. हे सगळं एकत्र मांडून तुमच्या डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, द्यायचं ठरवलं तर घ्या. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमनंसुद्धा एलडीएल एक तृतीयांशाहून जास्त उतरतं. लघवीच्या गोळीनं वाढवलेले ते चार-आठ मिलिग्रॅम त्यापुढे कुठेच जातात. दोन्ही गोळ्या एकमेकींशी भांडत नाहीत, सोबत चालतात.

आता पुढची तपासणी. दिवाळीच्या फराळानंतर लगेच नको. तुळशीचं लग्न उरकू द्या, तोवर गुडघ्याला झेपेल तेवढं चालणं सुरू करा आणि मग डिसेंबरमध्ये त्याच लॅबमध्ये जा. लॅब बदलली की यंत्र बदलतं, आकडे जुळत नाहीत. आदल्या रात्री आठपर्यंत साधं जेवण. सकाळी चहा नाही, पण साधं पाणी दोन ग्लास नक्की. गोळी नेहमीसारखीच चालू. गेल्यावर बाकावर बसून राहा. आणि फक्त लिपिड, म्हणजे चरबीची तपासणी, करून परत येऊ नका. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनीन, युरिक अ‍ॅसिड आणि उपाशीपोटीची साखर हेही करा. खरं सांगायचं तर लघवीची गोळी घेणाऱ्याच्या रिपोर्टात मी आधी सोडियम-पोटॅशियम बघते. ही तपासणी गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत एकदा व्हायला हवी होती, ती राहिली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात सोडियम घसरून भ्रमिष्टासारखं बोलणाऱ्या आजी मी दरवर्षी बघते. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. पोटऱ्यांत वांब येणं, उठल्यावर अंधारी, विनाकारण गळून जाणं, असं काही झालं तर डिसेंबरची वाट न बघता रक्त तपासा. पायाचा अंगठा लाल होऊन ठणकू लागला तर युरिक अ‍ॅसिडचं बघायला हवं.

सकाळच्या लघवीच्या त्रासाबद्दल. सुरुवातीचे काही आठवडे तो जास्त असतो, मग शरीर रुळतं. क्लोरथॅलिडोन अंगात फार वेळ टिकतं, दोन दिवसांनंतरही निम्मं शिल्लक असू शकतं. त्यामुळे तालुक्याला जायच्या दिवशी ती सकाळी सातऐवजी परतल्यावर दुपारी दोनला घेतली तर बिघडत नाही, फक्त रात्री घेऊ नका, झोपमोड होईल. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, तेही हेच सांगतील असं वाटतं. पण पाणी तोडायचं नाही.

ज्यांचं ट्रायग्लिसराइड मुळातच ५०० च्या पुढे आहे त्यांनी मात्र माझं वरचं सगळं वाचून निर्धास्त होऊ नये. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि बीपीसाठी कुठली गोळी निवडायची याचा विचार डॉक्टरांबरोबर बसूनच करावा. तोवरही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

प्रश्न : माझ्या आईला (वय ७०) हृदयाच्या अशक्तपणासाठी फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात दम लागला म्हणून चार दिवस रुग्णालयात होती. तिथे कोलेस्टेरॉल १३८ आलं, पूर्वी १९० असायचं. लघवीच्या गोळीनं वाढतं असं ऐकलं होतं, हिचं कमी कसं झालं? आता तिची कोलेस्टेरॉलची गोळी थांबवावी का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, थांबवू नका. आजारपणाच्या दिवसांत कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं. खाणं तुटलेलं असतं, यकृतावर ताण असतो, अंगात सूज असते. तो आकडा आजाराचा असतो. आई घरी येऊन सूज उतरली, वजन स्थिर झालं, नीट जेवू लागली की त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. फ्युरोसेमाइडनं चरबी थोडी वाढू शकते हे खरं, पण तिच्यासाठी ती गोळी म्हणजे श्वास आहे, तिच्या बाबतीत चरबीचा हिशेब मांडूच नका. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : यजमान ८१ वर्षांचे आहेत. बीपीसाठी इंडापामाइड दीड मिलिग्रॅम सुरू केलं आहे. या वयात लघवीची गोळी आणि तिच्यामुळे कोलेस्टेरॉल, हे दोन्ही कशाला मागे लावून घ्यायचं असं मुलगा म्हणतो. – एक वाचक, पुणे

उत्तर : आजी, मुलाची काळजी मी समजू शकते. पण हीच गोळी, याच मात्रेत, ऐंशीपुढच्या ३८४५ जणांवर तपासली गेली आहे. त्या चाचणीचं नाव हायव्हेट, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना गोळी मिळाली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होतं. बऱ्याच जणांना तिच्या जोडीला दुसरी गोळी द्यावी लागली होती. इंडापामाइडचा या मात्रेत कोलेस्टेरॉलवर परिणाम जवळजवळ दिसतच नाही. सोडियमवर लक्ष ठेवा, महिन्याभरात एकदा तपासून घ्या. आणि त्यांचं बीपी बसून मोजता तसं उभं करूनही मोजा. पहाटे बाथरूमला उठताना आधी अंथरुणाच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायला सांगा, दिवा लावायला सांगा, आणि जमलं तर त्या वेळी तुम्ही जाग्या राहा.